निलमिनीच्या कागदांची पिशवी

मी एक जुनी रेक्झिनची पिशवी आहे. माझा रंग एके काळी तांबडा होता. आता तो कोणता म्हणायचा, ते तुम्हीच ठरवा. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू बहुतेक सोशिक असतात. कधी छत्री सांगते, कधी शाळेचा फळा सांगतो, आणि ऐकणारे शेवटी डोळे पुसतात. मी आधीच सांगून ठेवते, मी सोशिक नाही. माझ्या पोटात एका बाईचे कागद आहेत आणि कागदांपेक्षा राग जास्त आहे.

माझा जन्म अकोल्याचा. ऑटोरिक्षांच्या सीटा शिवणारा एक कारागीर होता. सीटसाठी आणलेल्या रेक्झिनचा तुकडा उरला, त्याला त्याने दुहेरी टीप मारली, दोन बंद लावले, एक चेन बसवली आणि आत एक चोरकप्पा केला. "गुरुजी, तुमी थकसान, पन हे पिशवी नाई थकनार," असं सांगून त्याने मला देवमन गुरुजींच्या हाती दिलं. देवमन गुरुजी बार्शीटाकळीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक होते. त्यांच्या सायकलच्या हँडलला लटकून मी एकवीस वर्षं शाळेत गेले. हजेरीपट, उत्तरपत्रिका, दाखल्यांची पुस्तकं, सारं मी वाहिलं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी सगळ्या मास्तरांसमोर मला उचलून दाखवलं आणि म्हणाले, कागद ठेवावा तर असा. त्या दिवशी मी केवढी फुगले होते, काय सांगू.

पुढे गुरुजी निवृत्त झाले. त्यांनी अमरावतीत दोन खोल्यांचं घर बांधलं आणि मी दाराच्या मागे खिळ्याला लागले. गुरुजींची बायको सुंदराबाई. तिने माझ्यात आधी जुनी लाइटबिलं कोंबली, मग फुटका चष्मा, मग कसली कसली बटणं. वर्षानुवर्षं मला कोणी हातसुद्धा लावला नाही. वाईट वाटायचं, पण त्याचा मला राग नव्हता. वस्तूचं आयुष्य असंच असतं. राग आला तो नंतर.

गुरुजींचा मुलगा अनुप मस्कतला लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. तिथल्या एका बेकरीत निलमिनी नावाची मुलगी पाव भाजायची. ती श्रीलंकेची. दोघांचं जमलं, आणि लग्न करून इकडेच राहायचं ठरलं. ती बौद्ध आणि हे घरही बौद्ध, म्हणून सुंदराबाईला आभाळ ठेंगणं झालं. "तिकडची हाये, पन वंदना आपलीच म्हनते," असं ती अख्ख्या मोहल्ल्याला सांगत फिरली.

आता नीट ऐका, कारण घोडं अडलं ते इथेच. आमच्याकडे सून घरात आली की तिला नवं नाव मिळतं. ही माया आहे, मित्रांनो, कोणी वैर म्हणून करत नाही. सुंदराबाईने खूप विचार करून सुनेचं नाव दीपमाला ठेवलं आणि घरोघरी साखर वाटली. लग्नाच्या पत्रिकेत अनुपच्या नावापुढे 'आयुष्मती दीपमाला' असं सोनेरी अक्षरात छापलं. निलमिनीला वाटलं, हे घरात हाक मारायचं लाडाचं नाव असेल. ती हसली.

लग्न अकोल्याकडच्या, गुरुजींच्या गावच्या विहारात झालं आणि नोंद तिथल्या ग्रामपंचायतीत. ग्रामसेवकाने पत्रिका समोर ठेवली आणि तिच्यातलं नाव अर्जात उतरवून घेतलं. अनुप म्हणाला, "आई, हे नाव पासपोर्टात नाई."

"पासपोर्ट तिकडचा हाये," सुंदराबाई म्हणाली. "आता थे इकडं आली. इकडचंच नाव पाह्यजे."

आणि देवमन गुरुजी काय करत होते? ज्यांनी आयुष्यभर पोरांच्या वह्यांतली एक चूक सोडली नाही, ते मान डोलावत होते. त्यांनाही त्यात चूक दिसली नाही. त्यांच्या घरात आलेल्या प्रत्येक बाईचं असंच झालं होतं. मी त्या वेळी अमरावतीत खिळ्याला होते. तिथे असते तरी पिशवीचं कोण ऐकतं म्हणा.

निलमिनी अमरावतीच्या घरी राहायला आली. अनुपला इकडे लिफ्टचंच काम मिळालं. तिने एक छोटी भट्टी घेतली आणि तिच्या देशात करतात तसे मगरीच्या आकाराचे पाव भाजले. लांब शेपूट, पाठीवर जाडी साखर. मोहल्ल्यातल्या पोरांनी त्यांना 'मगरपाव' म्हणायला सुरुवात केली. दर रविवारी दाराशी रांग लागायची. शेजारच्या पार्वताबाईंची रस्त्याच्या कडेची खोली रिकामी होती. त्या म्हणाल्या, "बाप्पा, दुकानच काहून नाई टाकत तू?"

निलमिनीने ते मनावर घेतलं. तिच्या बापाची गावात छोटी बेकरी होती, ती पुरात गेली होती. आपलं स्वतःचं दुकान असावं हे तिच्या मनात किती वर्षांपासून होतं, ते ती कोणाला फारसं बोलली नव्हती. तिने मला खिळ्यावरून काढलं, बटणं ओतून दिली, ओल्या फडक्याने आतून-बाहेरून पुसलं आणि माझ्या चोरकप्प्यात तिचा पासपोर्ट ठेवला. इतक्या वर्षांनी मला काम मिळालं. मी खूश होते. मला काय ठाऊक पुढे काय वाढून ठेवलंय.

परदेशी माणसाला आपल्याकडे दुकान काढायचं तर कागद लागतात, हे मला मान्य आहे. कागद हवेतच. मी कागदांचीच पिशवी आहे. निलमिनीला आधी एक कार्ड काढायचं होतं. इथल्या माणसाशी लग्न होऊन, त्याची नोंद होऊन दोन वर्षं झाली की ते कार्ड मिळतं आणि मग दुकानाचा परवाना मागता येतो. दोन वर्षं तिने दिवस मोजून काढली. राहण्याची मुदत मधे दोनदा वाढवून घेतली, तेव्हा लग्नाचा दाखला जोडला होता. दोन्ही वेळा कोणी तो वाचला नाही, नुसता शिक्का मारला. वाचला असता तर तेव्हाच सगळं उमगलं असतं. मला याचा फार राग आहे.

दोन वर्षं भरली तशी ती अर्ज घेऊन अमरावतीच्या एका कार्यालयात गेली. कोणत्या, ते विचारू नका. तिथल्या टेबलावर खुशालराव नावाचे मोठे बाबू बसत. त्यांनी एका हातात पासपोर्ट घेतला, दुसऱ्या हातात दाखला.

"यावर निलमिनी आहे. यावर दीपमाला आहे. मग तुम्ही कोण?"

"मी दोन्ही," निलमिनी म्हणाली. तिची मराठी सुंदराबाईकडून शिकलेली. "मम्मीनं मले नाव देल्लं."

"असं नसते न बाई. दाखला दुरुस्त करून आणा. जिथं नोंद झाली तिथून."

नोंद अकोला जिल्ह्यातली, घर अमरावती जिल्ह्यातलं. तिथून आमची वरात निघाली. गावचे ग्रामसेवक बदलून गेले होते. नवे म्हणाले, हे माझ्या काळातलं नाही, तालुक्याला विचारा. तालुक्याला गेलो, तर साहेब मीटिंगला. दुसऱ्यांदा गेलो, तर ते म्हणाले, अकोल्याला विचारा. अकोल्यात एका बाईंनी आम्हाला दुपारभर बाकावर बसवलं आणि चार वाजता सांगितलं, "हे नाव तुमीच लिहून दिलं. आमची चूक नाई. निलमिनी अन् दीपमाला एकच बाई आहे, असं अमरावतीच्या कार्यालयाकडून लिहून आणा." आम्ही परत अमरावतीला. खुशालराव म्हणाले, "ते आम्ही कसं लिहू? तेच तर आम्ही तुम्हाला विचारून राहिलो."

सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं लोक हसत म्हणतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. ते सहा महिने कोणाच्या तरी आयुष्यातून जातात. मूर्तिजापूरवरून जाणाऱ्या त्या एसटीत निलमिनी मला मांडीवर घेऊन बसायची, दोन्ही हातांनी धरून, कारण आत असलेला एक जरी कागद गेला तरी पहिल्यापासून सुरुवात. दर खेपेला कोणी नवा कागद सांगे. माझं पोट फुगत गेलं. चेन लागेना. पासपोर्टच्या नकला, नकलांवरच्या सह्या, सह्या खऱ्या असल्याचे दाखले. एका ठिकाणी तर तिच्या बापाचं मधलं नाव काय म्हणून अर्ज परत आला. त्यांच्या देशात मधलं नाव आपल्यासारखं लावत नाहीत. तिने तसं सांगितलं. तो माणूस म्हणाला, "रकाना आहे तर भरायलाच लागते."

मधे सगळे शहाणे एकच सल्ला देत होते. नवऱ्याच्या नावाने दुकान काढा. अनुप बिचारा तयार होता. तोही खुशालरावांना विचारून आला. खुशालराव म्हणाले, काढा की, तुम्हाला कोण अडवते? फक्त या बाईंनी तिथं काम करायचं नाही. उभंसुद्धा राहायचं नाही, कोणी तक्रार केली तर भानगड होईल. आता सांगा, मित्रांनो, भट्टी तिची, हात तिचे, मगरपाव तिचा, आणि तिने दुकानात उभं राहायचं नाही. मला तळपाय नाहीत, नाहीतर त्यांची आग मस्तकात गेली असती.

अर्ज केल्या दिवसापासून पार्वताबाईंनी खोली आठ महिने धरून ठेवली. मग एक दिवस त्या संकोचत आल्या आणि म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत वाट पाहीन, बाई. मंग मोबाइलवाल्याले देऊन टाकीन. त्याचे कागद तयार हायेत." त्यांचंही चूक नव्हतं. निलमिनीने मान हलवली. दिवाळीला सव्वा महिना उरला होता.

त्या आठवड्यात अनुप आणि निलमिनी कार्यालयात निघाले, तशी सुंदराबाई हट्टाने सोबत निघाली. "मी बोलतो त्या बाबूसंगं. मानूसच हाये न थो." तिला अजूनही वाटत होतं की ही गोष्ट समजावून सांगण्याची आहे. नवं पातळ नेसून ती खुशालरावांच्या समोर बसली.

खुशालरावांनी सगळे कागद माझ्यातून बाहेर काढले, एकेक उलटून पाहिला आणि परत गठ्ठा केला. मग ते म्हणाले, "हे पाहा. तुमच्या मुलाचं लग्न दीपमालासोबत झालं, असं सरकार म्हणते. मग ती दीपमाला कुठं आहे? तिला हजर करा. आणि ती नसेल, तर या बाई तुमच्या घरात कोण म्हणून राहून राहिल्या?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. मला ते हसू अजून ऐकू येतं. निलमिनीने मान खाली घातली नाही, पण माझ्या बंदाला तिची नखं रुतली.

सुंदराबाई खुर्चीत पुढे सरकली. मग तिने विचारलं, "साहेब, तुमच्या घरवालीचं नाव काय?"

"आरती. त्याचं काय इथं?"

"माहेरचं?"

खुशालराव म्हणाले, "भावना."

"मंग भावना कुठं गेली? तिले हजर करता का? अन् थे आरती तुमच्या घरात कोन म्हनून राह्यते, हे कोनं इचारलं तुमाले?"

"आपल्या लोकांत ते चालते, मावशी. या परदेशी आहेत."

"नाव म्या ठेवलं. इनं नाई मांगलं. चूक असन त माही हाये, मले सजा द्या. माह्या सुनेले कोन हायेस म्हनून इचारू नका."

बाकावरचं हसू बंद झालं. खुशालरावांनी चष्मा पुसला. ते वाईट माणूस नव्हते, हे मला सांगावं लागतं आणि त्याचाच मला जास्त राग येतो, कारण वाईट असते तर त्यांच्या नावाने बोटं मोडून मोकळी झाले असते. ते हळू आवाजात म्हणाले, "मावशी, मग तुम्हीच प्रतिज्ञापत्र करून द्या अकोल्याला. नाव तुम्ही बदललं म्हणून. त्यावर ते दाखला नवा देतील. पण एक सांगून ठेवतो. नव्या दाखल्यावर नवी तारीख पडेल. कार्डाची दोन वर्षं तिथून मोजतील."

पुन्हा दोन वर्षं. म्हणजे झालेली दोन वर्षं, ज्यात ती रोज या घरात उठली, जेवली, आजारी सासऱ्याचं पथ्य केलं, ती कुठेच नव्हती. अनुपने टेबलावर हात आपटला. निलमिनीने कागद गोळा केले, माझ्यात भरले आणि म्हणाली, "चला."

दुसऱ्या दिवशी सासू-सुना अकोल्याच्या एसटीत बसल्या. मी दोघींच्या मधे. मूर्तिजापूर मागे गेलं. मग निलमिनी बोलायला लागली. तिचा आवाज चढला नव्हता, पण तिचा रोजचा आवाज मी ओळखते, हा तो नव्हता.

"मम्मी, तो बाबू खराब नाही. तो कागद वाचते. तुमी मले कधी इचारलं नाही. माहं नाव होतं. माझ्या पप्पानं ठेवलं होतं. पप्पा गेले, बेकरी गेली, घर गेलं. नाव राहिलं होतं. ते तुमी बदललं, अन् साखर वाटली."

सुंदराबाई खिडकीबाहेर कपाशीकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता ही चिडेल. सून अशी बोलली की आमच्याकडे सासवा चिडतात. ती चिडली नाही. म्हणाली, "माहं नाव जयवंता होतं."

निलमिनीने वळून पाहिलं.

"सोळा वर्साची होती मी. सासूनं म्हनलं, आजपासून सुंदरा. मी त रडली बी नाई. मले वाटलं असंच असते." मग म्हणाली, "आता जयवंता म्हननारं कोनीच नाई राह्यलं. भाऊ होता, थोही गेला. गुरुजीले बी आठवत नसन."

पस्तीस वर्षं मी त्या घरात आहे, मित्रांनो. कोणाकोणाच्या नावाचे कागद मी वाहिले नाहीत? पण जयवंता हे नाव असलेला एक कागद माझ्यात कधी आला नव्हता. मलाही ते त्या दिवशी कळलं. मी स्वतःवरसुद्धा चिडले.

अकोल्यात झाडाखाली टेबलं टाकून अर्ज लिहिणारे लोक बसतात. त्यांतल्या एकाने स्टॅम्पपेपर पुढे ओढला आणि रकाने भरायला घेतले. प्रतिज्ञापत्र करून देणारीचं नाव. सुंदराबाई. पतीचं नाव. देवमन. मग तो म्हणाला, "लग्नाआधीचं नाव?"

"जयवंता."

"काही पुरावा? शाळेचा दाखला, काही?"

"शाळेत कोनं धाडलं मले."

"मग रिकामं सोडतो, बाई. पुराव्याबिगर लिहिता येत नाही. कागद बाद होईल." त्याने त्या जागेवर आडवी रेघ मारायला पेन टेकवला.

निलमिनीने त्याच्या हातातून पेन काढून घेतला. गुरुजींनी तिला दोन वर्षांत मुळाक्षरं आणि बाराखडी शिकवली होती. मोडक्या, तिरक्या अक्षरांत, जीभ दातांत धरून, तिने त्या रिकाम्या जागी लिहिलं, जयवंता. त्याखाली साक्षीदाराच्या जागी लिहिलं, निलमिनी.

"झालं न बाद," तो माणूस वैतागला. "आता दुसरा कागद आणा. सगळं परत लिहावं लागेल."

"दुसरा आनू," सुंदराबाई म्हणाली. तिने तो बाद झालेला कागद दोन्ही हातांनी उचलला. तिला वाचता येत नाही. तरी ती बराच वेळ त्या एका शब्दाकडे पाहत राहिली. मग तिने त्याची घडी घातली आणि माझ्या चोरकप्प्यात, पासपोर्टाला लागून ठेवला.

दुसरा कागद झाला. दाखला दुरुस्त झाला, नव्या तारखेचा. दिवाळीला पार्वताबाईंच्या खोलीत मोबाइलची कव्हरं लटकली. निलमिनी अजून दर रविवारी घराच्या पायरीवर मगरपाव वाटते. विकत नाही, कारण विकण्याचा कागद नाही. मोहल्ल्यात सुंदराबाई आता तिला नावाने हाक मारते, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. अजून सोळा महिने बाकी आहेत.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. माझी टीप उसवली तर उसवू द्या. पण तुमच्यापैकी कोणी उद्या मोठं होऊन त्या टेबलामागच्या खुर्चीवर बसेल, आणि समोर कोणी बाई मांडीवर फुगलेली पिशवी धरून बसलेली असेल. तेव्हा तिला 'तू कोण' असं विचारू नका. तिचे कागद एकदा, नीट, पहिल्याच दिवशी वाचा. आणि आज घरी गेल्यावर आजीला तिचं पहिलं नाव विचारा. ती म्हणेल, आता काय करायचं त्याचं. तरी विचारा, आणि कुठेतरी लिहून ठेवा. मी पिशवी आहे. माझ्यात एकीचंच नाव मावलं.